लांब उजेड

१

त्या दिवशी खडीमाळावरून दादाला आरसा कोण दाखवत होतं?

प्रेमनं हा प्रश्न दादाच्या दहाव्याला आलेल्या सगळ्यांना विचारला. मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सरपंचांनी चहा सांगितला. पंचनाम्याला आलेल्या हवालदारानं ‘पाय घसरून’ एवढंच लिहून घेतलं होतं, त्यापुढं त्याला काही ऐकायचं नव्हतं.

आणि प्रश्न काही प्रेमच्या डोक्यातून निघाला नव्हता. तो गुंडाप्पानं दिला होता. पांढऱ्या डोंगरावर मेंढरं चारणारा हा म्हातारा त्या संध्याकाळी टॉवरच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर बसला होता.

“म्या बघितलं की रं,” गुंडाप्पा म्हणाला होता. “तुमच्या खडीमाळावरनं चमकलं. एकदा. परत एकदा. मग दोनदा. तुझा भाऊ वर डिश फिरवीत हुता, लई खुशीत. मग लांब उजेड आला. हलंना. तवा त्यानं कमरंचा पट्टा सोडला अन् उतराया लागला. निम्म्यात आला न आला, तिकडं दिवस बुडाला, उजेड गेला. अन् मग…”

“पण खडीमाळावर कोण होतं, आबा?”

“मला काय ठावं? मला वाटलं, तूच हाईस.”

प्रेम त्या दिवशी उमरग्यात होता. दादानंच त्याला बॅटऱ्या आणायला पाठवलं होतं. खुणेचा आरसा घरी खिळ्याला होता. शिवप्रिया वहिनीनं सांगितलं, सकाळी दाढी करून त्यांनी स्वतः टांगला, तो तसाच होता. लोक म्हणाले, माळावरच्या सोलर पॅनलचा उजेड पडला असंल. दुसरं पॅनल दादानं मावळतीकडं तोंड करूनच बसवलं होतं, नेमकं पांढऱ्या डोंगराच्या दिशेला.

“पॅनल हलतंय व्हय?” गुंडाप्पा पुटपुटला. “एकदा, दोनदा असं करतंय व्हय?”

पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतो.

२

मल्लिनाथ, म्हणजे प्रेमचा मल्लूदादा, पुण्यात केबलच्या कामावर राहून परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि तारा जास्त होत्या. “डोंगरापल्याडच्या वाड्यांत नेट न्यायचं,” तो म्हणाला. अणदूरपर्यंत हायवेच्या कडेनं जाडी लाइन आली होती. तिथून डिशच्या रेडिओनं, बिनतारी, खडीमाळावर, खडीमाळावरून दरीच्या वरून पांढऱ्या डोंगरावर, आणि तिथून खाली वाड्यांत. प्रेमनं शाळा आठवीतच सोडली होती. त्याला एवढंच कळलं की आता दादा इथंच राहणार. त्यानं त्याच दिवशी खड्डे खणायला घेतले. खड्डे चुकीच्या जागी खणले, ही गोष्ट वेगळी.

पांढऱ्या डोंगरावर वीज नव्हती. प्रेम म्हणाला, “इन्व्हर्टर आणू. लग्नाच्या मांडवात असतोय तसला मोठा.”

“कशाला? बॅटरीतली वीज आधी वाढवायची अन् रेडिओपाशी नेऊन परत कमी करायची? त्या खटपटीतच बरीच खलास व्हती. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी त्यालाबी जेवाय लागतंय. आपल्या रेडिओला चोवीस व्होल्ट पुरं. बाराच्या दोन बॅटऱ्या एकमेकीला जोडायच्या, सरळ तार वर न्यायची. मधी कुणी खाणारा नको.”

“मग ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या घिऊ. उमरग्यात ढीग लागलाय.”

दादा हसला. “ट्रकची बॅटरी स्टार्टर मारताना एकदम जोर लावती अन् मग निवांत. आपल्याला अशी पायजे, जी थोडं थोडं देत राहील. आभाळ आलं तरी, कुणी बघाय नसलं तरी.”

“म्हंजे तुझ्यासारखी.”

“अन् ट्रकची तुझ्यासारखी. एकदा भडकली की संपली.”

तेव्हापासून घरात प्रेमचं नाव ट्रकची बॅटरी पडलं. वहिनी नवी नवरी होती, तीसुद्धा म्हणायला लागली, “भावजी, आज चार्ज हाय का?”

डिश समोरासमोर बसवणं हे खरं काम. एक डिश फिरवणारा, दुसरा समोरच्या टेकडीवर फोनमधला सिग्नलचा आकडा बघणारा. हा आकडा उणे असतो, हे प्रेमला लई दिवस पचलं नाही. उणे सत्तर वाईट आणि उणे पन्नास चांगलं. “कमी तेवढं चांगलं? ह्ये कसलं गणित?” दादा म्हणाला, “तू बोलण्याचं लाव की. तू जेवढं कमी बोलशील तेवढं चांगलं.”

पांढऱ्या डोंगराच्या अंगावर मोबाइलची रेंज नव्हती, ओरडून दरीपलीकडं ऐकू जात नव्हतं. म्हणून दादानं उमरग्याच्या भंगारवाल्याकडून ट्रकचा बाजूचा आरसा आणला. खडीमाळावरून उन्हाची तिरीप मारायची. एकदा चमकलं तर डिश डावीकडं. दोनदा चमकलं तर उजवीकडं. आणि आरसा स्थिर धरून लांब उजेड दिला, तर बास. पट्टा सोड, खाली ये, भाकरी खाऊ.

दादा टॉवरवर चढला की सोडलेले नट तोंडात धरायचा. तंबाखू त्यानं लग्नात सोडली होती, त्याऐवजी सारखी बडीशेप चघळायचा. नट आणि बडीशेप एकाच गालात. एकदा पंगतीत बसल्यावर त्यानं तोंडातून नट काढून ताटाच्या कडेला ठेवला होता. वाढपी जिलेबी घेऊन उभाच राहिला.

प्रेम माळावरून आरसा फिरवायचा आणि दरीपलीकडं, गावातल्या एका निवृत्त सैनिकाकडून घेतलेल्या जुन्या दुर्बिणीच्या धुरकट काचेत, दादा मुंगीएवढा दिसायचा. तो उजेडाच्या तालावर हलायचा. प्रेमचं आयुष्यात कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

३

दादा गेल्यावर प्रेम एकटाच सगळं बघायला लागला. सकाळी खडीमाळावर जायचं, पॅनलवरची धूळ पुसायची, बॅटरीत पाणी कमी झालं असेल तर घालायचं, तारांची टोकं घासायची. हात आपोआप चालायचे. दादानं शिकवलेलं हातांत होतं, डोक्यात नव्हतं.

पहिला फोन मथुराबाईंचा आला, दुसऱ्या दिवशी परत त्यांचाच. डोंगरापलीकडच्या वाडीत त्यांची नात पोलीस भरतीचा क्लास फोनवर बघायची.

“प्रेम, अरे बाबा, संध्याकाळ झाली की तुझं नेट कुठं जातंय? गुरं घराकडं येतेत अन् ह्ये बाहेर जातंय.”

“बघतो, मावशी.”

“काल बी बघतोच म्हणालास. डोळं तपासून घे.”

त्यानं बघितलं. आधी वाटलं, पांढऱ्या डोंगरावरच्या बॅटऱ्या दमल्या. उमरग्याहून त्या दिवशी आणलेल्या नव्या बॅटऱ्या त्यानंच नंतर, रडत रडत, वर नेऊन जोडल्या होत्या. पण फोनवर व्होल्ट भरपूर दिसत होते. शिवाय वीज गेली की रेडिओ एकदम मरतो. इथं तसं होत नव्हतं. ऊन कललं की आकडा हळूहळू घसरायचा. पंचावन्न, साठ, सदुसष्ट. मग थांबायचा. थोडा परत यायचा. पुन्हा घसरायचा. दिवस बुडाला की जिथं असेल तिथं गप्प. रात्रभर वाड्या तशाच नेटविना, सकाळी प्रेम चढून डिश सरळ करायचा.

लोखंड तापतं, गार होतं, त्यानं सरकत असेल. वारा असेल. एखादं वानर असेल. प्रेमनं स्वतःला सगळं सांगून बघितलं. पण वारा डिश एकाच बाजूला ढकलतो. वानर असं थांबून, अंदाज घेऊन फिरवत नाही.

हा आकडा त्यानं शेकडो वेळा बघितला होता. कुणीतरी सावकाश डिश फिरवत असतं आणि समोरच्या टेकडीकडून सांगणं यायची वाट बघत असतं, तेव्हा आकडा असा चालतो.

४

तो पाना आणि तांबड्या रंगाचा डबा घेऊन वर गेला. डिश बरोबर जागी आणली, नट आवळले, एवढे की पाना वाकायची वेळ आली. मग डिशच्या पट्टीपासून खांबापर्यंत आडवी तांबडी रेघ ओढली. आता केसभर सरकली तरी दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच चढायला लागला. गुंडाप्पाची मेंढरं खालच्या अंगाला होती. म्हातारा म्हणाला, “काल बी आला हुतास व्हय सांजच्याला?”

“न्हाय. सकाळी आलो होतो.”

गुंडाप्पानं त्याच्याकडं बघितलं, मग मेंढरांकडं. “मेंढरं टॉवरपाशी बसंनाती,” एवढं बोलून तो उठला.

रेघ तुटली होती. तिचा एक तुकडा खांबावर, दुसरा डिशच्या पट्टीवर, चांगला चार बोटं डावीकडं. पट्टा लावून प्रेमनं वरच्या नटाला हात घातला. नट सैल होता. पाना न लावता बोटानं फिरला, निघून तळहातावर आला.

नट ओला होता.

लोखंडाला उन्हाचा चटका बसायला लागला होता. रात्री दव पडलं नव्हतं. खांब कोरडा, पट्टी कोरडी, दोर कोरडा. एकटा तो नट ओला. प्रेमनं तो शर्टाला पुसला आणि बोटं नाकापाशी नेली.

बडीशेप.

तो घाबरला नाही. ही गोष्ट नंतर, घरी आल्यावर, त्याच्या अंगावर काटा आणून गेली. वर असताना त्याला बरं वाटलं होतं. टॉवरच्या खांबाला गाल लावून तो हळूच म्हणाला होता, “दादा, सरक की थोडा, मला पाना लावू दे.”

५

वहिनी चुलीपाशी बसली होती. दोन वर्षांचं पोरगं तिच्या पाठीला लोंबत होतं. प्रेमनं तिच्या हातात नट ठेवला.

तिनं तो बघितला, वास घेतला. मग उठून हात धुतले, परत धुतले.

“असलं परत घरात आणू नका, भावजी.”

“वहिनी, त्यो अजून…”

“मला कळलं.” तिनं पोराला समोर घेतलं. “मंगळवारी उमरग्याचे केबलवाले अण्णाराव येणारेत. सगळी गिऱ्हाइकं, टॉवर, रेडिओ, ते घेतो म्हणतेत. संध्याकाळची लाइन अशी पडत राहिली तर लोक आपल्याकडं कशाला थांबतील? मी पोराला घेऊन कळंबला जाते, माहेरी. तुम्ही रोज वर चढता, मी रोज दारात उभी राहते. मला दुसऱ्यांदा न्हाय जमणार ते.”

“अन् लाइन टिकली तर?”

“तर राहते. मला काय हौस हाय जायची?”

प्रेम उंबऱ्यावर बसला. दादाचं सगळं म्हणजे आता ती लाइन होती, ही बाई होती आणि ते पोरगं. मंगळवारी तेही जाणार.

वहिनी आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “काम अर्धं टाकून ते उठायचेच न्हाईत. ताट वाढलेलं असायचं. मी दारात जाऊन ‘बास आता’ म्हणायची, तवा हलायचे. कुणी बास म्हणल्याबिगर त्यांना कळायचंच न्हाय.”

प्रेम ताडकन उठला.

गुंडाप्पा म्हातारा. त्याला लांब उजेड दिसला म्हणे. दिसला असता तर दादा अजून डिश का फिरवत बसला असता? त्याला कुणी बास म्हटलंच नाही. तो अजून माळाकडं बघत असणार, आपला भाऊ उमरग्याहून येईल, आरसा धरील, म्हणून. एवढं साधं होतं.

खिळ्याला टांगलेला आरसा त्यानं ओढून काढला. खिळाही बरोबर आला.

“भावजी, कुठं? चहा तरी—”

“आलो!”

६

खडीमाळावर तो पोचला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. सूर्य पांढऱ्या डोंगराच्या वर, टॉवरच्या थोडा उजवीकडं. बाभळीला बांधलेली शेळी सोडली तर माळावर कुणी नव्हतं. दादानं मावळतीकडं वळवलेलं पॅनल मंद चमकत होतं. प्रेमनं बॅटरीच्या पेटीतून दुर्बीण अन् जाड घोंगडं काढलं आणि घोंगडं त्याच्यावर टाकलं. आता माळावर चमकणारी एकच गोष्ट होती, ती त्याच्या हातात.

फोन दगडावर टेकवला. आकडा उणे बासष्ट. घसरत होता. चौसष्ट. सहासष्ट.

दोनदा आरसा चमकवला. उजवीकडं.

आकडा थांबला. शेळीनं कान टवकारले. मग चौसष्ट. बासष्ट. साठ.

प्रेमच्या तोंडातून हसू फुटलं, रडण्यासारखं. “आलास का लायनीवर!” तो ओरडला. त्यानं एकदा चमकवलं, मुद्दाम, चुकीचं. आकडा पडला. परत दोनदा. आकडा वर आला. असाच खेळ ते पूर्वी खेळायचे; प्रेम उगाच चुकीचं सांगायचा आणि दादा वरून गमछा हलवून शिव्या द्यायचा. आता दोघं पहिल्यासारखे होते. अठ्ठावन्न, पंचावन्न. ऊन, आरसा, आणि दरीपलीकडं त्याचं ऐकणारं एक माणूस. हे संपू नये असं त्याला वाटलं. त्यानं परत एकदा चुकीचं सांगितलं. परत दुरुस्त केलं.

मग त्याला दारातली वहिनी आठवली.

त्रेपन्न. एकावन्न. एवढा चांगला आकडा दादाच्या हयातीत कधी लागला नव्हता. एकोणपन्नास.

प्रेमनं आरसा दोन्ही हातांनी धरला, तिरीप टॉवरवर नेली आणि स्थिर केली. लांब उजेड. बास, दादा. पट्टा सोड. खाली ये, भाकरी खाऊ.

आकडा हलला नाही. एकोणपन्नासवर बसला, खिळा ठोकल्यासारखा. लाइन टिकली होती.

त्यानं एका हातानं दुर्बीण डोळ्याला लावली. धुरकट काचेत टॉवर दिसला, मागं सूर्य, आणि डिशपाशी काळा ठिपका. मुंगीएवढा. ठिपक्याला हात होते. एक हात डिशवरून निघाला आणि कमरेपाशी गेला.

कमरेचा पट्टा सुटून खाली लोंबकळला.

तेव्हा प्रेमला गुंडाप्पाचं बोलणं आठवलं. सगळं, क्रमानं. एकदा. परत एकदा. दोनदा. तुझा भाऊ लई खुशीत. मग लांब उजेड, हलंना. *मला वाटलं, तूच हाईस.* त्या संध्याकाळचा उजेड हाच होता, प्रेमच्याच हातातला.

सूर्य डोंगराच्या कडेला लागला होता.

थांब म्हणायची खूण त्यांच्यात नव्हती. कधी लागलीच नव्हती. एकदा चमकवलं तर डावीकडं, दोनदा तर उजवीकडं, आणि डिश धरायला तो आता पट्ट्याशिवाय वळला असता. आरसा झाकावा, तर उजेडात दिपलेल्या त्याच्या डोळ्यांपुढं एकदम अंधार. आयुष्यात पहिल्यांदा प्रेमनं काहीही एकदम केलं नाही.

त्यानं तिरीप त्या ठिपक्याच्या तोंडावरून अलगद खाली घेतली. छाती, गुडघे, पाय. पायाखालची आडवी सळई उजळली. तिथं त्यानं उजेड धरला. पाय खाली आला, सळईवर टेकला. प्रेमनं उजेड खालच्या सळईवर नेला. पाय आला. आणखी खाली. मनगट आखडलं, घाम डोळ्यात गेला, शेळी ओरडायला लागली. त्यानं हात हलू दिला नाही. थोडं थोडं. आभाळ आलं तरी. कुणी बघाय नसलं तरी.

सूर्य नखाएवढा उरला. उजेड आता तांबूस, पातळ, सळईवर जेमतेम लागत होता.

टॉवर अजून निम्मा बाकी होता.

प्रेमनं उजेड पुढच्या सळईवर धरला.